पहिला सण शेजाऱ्यानं करायचा



पालघरात १४ ऑगस्टला बाजार बंद ठेवून हुतात्म्यांना आदरांजली वाहतात आणि दुसऱ्याच दिवशी झेंडावंदन करून पोरांना खाऊ वाटतात. बाहेरच्या पाहुण्याला याचं नवल वाटतं. आपल्याला वाटत नाही.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे हुतात्मा झाले. श्रावण नुकताच लागला होता. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली २६ ऑगस्टला. गोळीबारापासून मोजलं तर तेरावा दिवस! सातपाटी, मुरबे ही दर्यावर जगणारी गावं. एकीकडे तेराव्याचं पान, दुसरीकडे दर्याला नारळ. आणि दर्या कुणासाठी थांबत नाही.

आपल्या रूढीनं यावर तोड काढून ठेवली आहे. सुतक दहा दिवसांचं. तेराव्याला गोडाचं जेवण. वर्षभर घरात सण नाही, तळण नाही. पण पहिल्या दिवाळीला शेजारीपाजारी फराळ आणून देतात आणि पोरांच्या तोंडी करंजी पडते. लग्न ठरलेलं असेल तर वडीलधारे म्हणतात, "वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." कुणाला हे निष्ठुर वाटेल. मला वाटतं, यात मोठी माया आहे. सण करावा की करू नये, हे ठरवण्याचं ओझं दुःखातल्या माणसावर टाकलेलंच नाही. ते चार माणसांनी उचललं आहे. आणि गेलेल्यांना वगळलंय म्हणावं, तर तसंही नाही. लग्नाआधी नांदीश्राद्ध होतं; पितरांचा मान आधी, वऱ्हाडाचा नंतर.

पण ही चार माणसं सगळ्यांनाच मिळत नाहीत. आता बोईसरकडे या. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला, माणसं दगावली. संक्रांत चार दिवसांवर होती. या वसाहतीत राबणारा कामगार कुठून कुठून येतो, भाड्याच्या खोलीत संसार मांडतो. असा माणूस गेला, की मागे उरलेल्या बायकोपोरांना फराळ आणून द्यायला इथं ना आत्या, ना मावशी. शेजारच्या खोलीची भाषा निराळी, रीत निराळी. आणि आपण इथले जुने रहिवासी "ती बाहेरची माणसं" म्हणून उंबरा ओलांडत नाही. रूढी आहे, पण ती पाळायला तिथं माणूसच नाही, अशी ही गत आहे.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. यंदा तुमच्या चाळीत, सोसायटीत कुणाचं माणूस गेलं असेल, तर "आमच्याकडे या" असा निरोप धाडू नका. ती माणसं येत नाहीत. ताट घेऊन तुम्ही जा. घटकाभर बसा. गेलेल्याचं नाव काढा. त्यानं सणाला गालबोट लागत नाही. आणि त्या घरून ताट रिकामं परत आलं, तर त्या वर्षी त्याचा हिशेब ठेवू नका.