छोट्या विमानाचा तोल

तुळजापूरच्या रस्त्यानें कडबा भरून चाललेली बैलगाडी ज्यानें पाहिली असेल, त्याला तोल म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. ओझें आंसाच्या मागें अधिक पडलें कीं गाडी उलाळते. जूं वर चढतें आणि बैलांचे गळे आवळतात. पुढें अधिक पडलें तर तेंच जूं त्यांच्या मानेवर बसतें. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाली कीं जूं हातानें उचलून पाहतो व चार पेंढ्या इकडच्या तिकडे करतो. रेडिओच्या लहरींनीं चालणारें छोटें विमान आकाशांत सोडण्यापूर्वीं जें करावें लागतें, तें तत्त्वतः याहून वेगळें नाहीं. मात्र उलाळलेली गाडी पुन्हां भरतां येते. विमानाला तशी सवड मिळत नाहीं.

हा छंद अगदीं कालचा नव्हे. अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनीं आपलें ‘गफ’ नांवाचें विमान १९३७ सालीं रेडिओच्या साहाय्यानें उडविलें. तें आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहीं आहे. भारतांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेमुळें विमानाच्या प्रतिकृती बनविण्याची गोडी पुष्कळ विद्यार्थ्यांना लागली. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत या छंदाला मोकळें रान भरपूर आहे. रब्बीची ज्वारी निघाली कीं काळ्या शेतांवर मैलभर दृष्टीला अडथळा नसतो. परंतु ज्या बाल्सा लाकडाचीं अशीं विमानें करतात, तें मुख्यत्वें इक्वेडोर देशांतून येतें. गांवच्या बाजारांत तें मिळावयाचें नाहीं. दोन-तीन महिन्यांची मेहनत अर्ध्या मिनिटांत मातींत गेली, तर मुलाचें मन त्या विद्येवरूनच उडतें. किलोभर वजनाचें विमान ताशीं पन्नास-साठ किलोमीटर वेगानें माणसावर येऊन आदळलें तर काय होईल, तें तर बोलावयासच नको.

तोल पाहावयाचा तो विमान उड्डाणास पूर्ण सज्ज असतांना, म्हणजे बॅटरी, रिसीव्हर, चाकें सर्व कांहीं जागच्या जागीं बसवून. बॅटरी बाहेर ठेवून तोल पाहणें म्हणजे रिकामी गाडी उचलून भरल्या गाडीचा अदमास घेणें होय. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीचे चार भाग कल्पावे. साध्या, सरळ पंखाच्या विमानाचा गुरुत्वमध्य पुढून पहिला चौथा हिस्सा संपतो तेथपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावा, म्हणजे एकूण रुंदीच्या पंचवीस ते तेहतीस टक्क्यांवर. पंख वीस सेंटिमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून पांच ते साडेसहा सेंटिमीटरवर दोन्हीं पंखांखालीं खूण करावी आणि त्या खुणांवर दोन बोटें टेकवून विमान उचलावें. तें सपाट राहिलें, किंवा नाक किंचित् खालीं झुकलें, तर ठीक. शेपूट खालीं गेलें तर त्या दिवशीं उडविण्याचा विचार सोडावा. नाकजड विमान आळशी असतें, पण तें हातीं राहतें. शेपूटजड विमान एकाएकीं नाक वर काढतें, पंखांची उचल सुटते आणि सांवरावयाच्या आंत तें जमिनीवर येतें.

येथें नवशिके हमखास एक चूक करतात: शिसें शोधावयास धांवतात. समजा, विमान नऊशें ग्रॅम आहे व गुरुत्वमध्य दीड सेंटिमीटर मागें पडला आहे. हव्या त्या मध्यबिंदूपुढें पंचवीस सेंटिमीटरवर, नाकाशीं, शिसें लावावयाचें तर तें चौपन्न ग्रॅम लागेल. परंतु दीडशें ग्रॅमची बॅटरीच नऊ सेंटिमीटर पुढें सरकविली तर तेंच काम होतें, आणि वजन एका ग्रॅमनेंहि वाढत नाहीं. पेंढी इकडची तिकडे करणें तें हेंच.

आडवा तोल बहुतेकजण विसरतात. विमान नाकाला व शेपटाला धरून उचलावें; ज्या बाजूचा पंख वारंवार खालीं जाईल, त्याच्या विरुद्ध पंखाच्या टोंकाला थोडें वजन चिकटवावें. शेपटापासून दोन्हीं पंखांच्या टोंकांचें अंतर दोऱ्यानें मोजून सारखें आहे ना, आणि पंखाला पीळ पडलेला नाहीं ना, हेंहि पाहावें. पीळ पडलेल्या पंखाचा दोष शिशानें जात नाहीं.

मग यंत्रणेकडे वळावें. प्रथम ट्रान्समीटर चालू करावा, नंतर विमान. बंद करतांना उलट क्रम. विमानाच्या मागें उभें राहून दांडी उजवीकडे दाबली असतां उजव्या पंखाची झडप वर व डाव्या पंखाची खालीं गेली पाहिजे. ही झडप उलटी जोडलेलीं विमानें उजवीकडे वळण्यास सांगितलें कीं डावीकडे झेपावतात, आणि चालविणारा घाबरून दांडी आणखी दाबतो! लहर तुटली तर मोटर आपोआप थांबते कीं नाहीं, तें ट्रान्समीटर बंद करून जमिनीवरच तपासावें. त्या वेळीं प्रॉपेलर काढून ठेवलेला बरा, कारण फिरतें पातें बोट तोडूं शकतें.

धाराशिव नगर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर, चाळीस अंश उन्हांत, हवा प्रमाण हवेपेक्षां सुमारें पंधरा टक्के विरळ होते, आणि विमानाला हवेंत राहण्यास आठेक टक्के अधिक वेग लागतो. पुस्तकांतील आंकडे या उन्हाला लागू पडत नाहींत. म्हणून पहांटेची, वारा पडलेली वेळ उत्तम. नगराजवळ धावपट्टी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांखालीं कोणत्या जागेवर उडविण्यास मुभा आहे, हें सरकारी नकाशावर आधीं पाहावें, आणि विमान दृष्टीआड जाऊं देऊं नये.

शेवटीं मोटर बंद ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून, विमान मऊ गवतावर हातानें सरळ सोडून पाहावें. तें नाक खालीं घालून आपटलें तर बॅटरी थोडी मागें घ्यावी. वर चढून अडखळलें तर पुढें सरकवावी. तें तरंगत जाऊन पोटावर अलगद बसलें, म्हणजे बॅटरीच्या जागेची खूण पेन्सिलीनें करून ठेवावी, आणि मगच प्रॉपेलर बसवावा.