मनोरुग्णालय आणि साथीचे रोग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित मजकूर)



केडगावचा आणि साथीच्या रोगाचा एक जुना संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा पुण्यास आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. शारदा सदनात नव्या मुलींना ठेवून घेण्यास शहराच्या अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलविले. तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांची सोय झाली आणि पुढे तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. पुष्कळ माणसे एका छपराखाली राहतात, तेथे साथीला आवर घालण्याचे पहिले साधन म्हणजे मोकळी जागा, हा धडा या गावाच्या इतिहासातच आहे. तो आज मनोरुग्णालयाला लावून पाहावयाचा आहे.

महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ काम करीत आली आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी येरवड्याची मंजूर क्षमता २५४० खाटांची असून दौंड-शिरूर भागातील कुटुंबांना तेच जवळचे. साध्या रुग्णालयात रुग्ण खाटेवर पडून असतो. मनोरुग्ण दिवसभर हिंडतो-फिरतो, पंगतीत जेवतो, सामायिक न्हाणीघर वापरतो. काहींचा मुक्काम महिन्यांचा, काहींचा वर्षांचा असतो. सुरक्षिततेसाठी दारे-खिडक्या बंद ठेवल्या, की हवाही कोंडते. सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. पोटात दुखते, अंगात कणकण आहे, हे काही रुग्णांना सांगता येत नाही. आणि ज्यांना सांगता येते, त्यांचे म्हणणे ‘हा भ्रमच’ म्हणून सोडून दिले जाते.

याचे परिणाम किती भयंकर होतात, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील चोंगदो येथील देनाम रुग्णालयात दिसले. तेथील बंदिस्त मनोरुग्ण विभागात शंभराहून थोडे अधिक रुग्ण होते. त्यांपैकी जवळजवळ सर्वांना कोविडची लागण झाली. त्या देशातील कोविडचा पहिला मृत्यू याच विभागातील होता. मृत गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ तेथे दाखल होते.

अशी साथ रोखण्याचे उपाय बहुतेक साधेच आहेत. त्यांत सातत्य मात्र हवे. दाखल होतानाच रुग्णाची त्वचा, केस, ताप व खोकला तपासावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी. खाटांमध्ये अंतर व खिडक्यांतून वारा हवा. जाळी लावूनही खिडकी उघडी ठेवता येते. पाणी गाळून, उकळून पिण्याचा नेम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना शुद्ध पाण्याचे मोल सांगावयास नको. कावीळ, विषमज्वर आणि अतिसार यांच्या बाबतीत ते फार मोठे आहे. हात धुण्यासाठी साबण व वाहते पाणी उत्तम. अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली भिंतीवर टांगून ठेवू नये, कारण एखादा रुग्ण ते पिऊन टाकण्याचा धोका असतो. ती कर्मचाऱ्याने स्वतःजवळ बाळगावी.

खरजेचे उदाहरण घ्यावे. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटण्यास दोन ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर तो इतरांना लागण देत राहतो. म्हणून एकट्यावर उपचार करून भागत नाही. निकट संपर्कातील सर्वांना एकाच वेळी औषध लावावे लागते आणि कपडे, पांघरुणे त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागतात.

मानसिक आजाराच्या औषधांकडेही लक्ष हवे. क्लोझापिन या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. अशा रुग्णाला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. लिथियम घेणाऱ्याला जुलाब झाले, की शरीरातील पाणी कमी होऊन औषधाची विषबाधा होऊ शकते. घरी राहून ही औषधे घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांनीही हे ध्यानात ठेवावे.

लागण झालेल्या रुग्णास वेगळे ठेवावे लागते. पण विलगीकरण म्हणजे कोंडून घालणे नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णाला एकांतवासात डांबण्यास मनाई केली आहे. वेगळ्या खोलीतही माणसांची ये-जा, फोनवरून घरच्यांशी बोलणे आणि ‘येथे का ठेवले आहे’ याचा समजेल अशा शब्दांत खुलासा हवा. याच कायद्याने स्वच्छ, सुरक्षित परिसर हा रुग्णाचा हक्क ठरविला आणि सक्तीने मुंडण करण्यास बंदी घातली. उवांवर उपाय करावयाचा, तो रुग्णाची अप्रतिष्ठा न करता.

लसीकरणाच्या बाबतीत एक गोष्ट या सभेला जवळची वाटेल. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने ओळखपत्र नसलेल्यांच्या कोविड लसीकरणाची कार्यपद्धती लागू केली. त्या यादीत विविध धर्मांचे साधुसंत होते, तसेच मनोरुग्णालयातील रुग्णही होते. ज्यांनी घर स्वेच्छेने सोडले आणि ज्यांचे घर आजाराने सुटले, ते दोघेही कागदाअभावी मागे राहण्याचा धोका होता. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये मनोरुग्णालयांतील लसीकरणाचा कालबद्ध आराखडा करण्यास सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले.

रोग बाहेरून आत येतो तो बहुधा कर्मचारी व भेटीस येणाऱ्यांबरोबर. ताप असताना कामावर न येणाऱ्या परिचराचा पगार कापला जाणार असेल, तर तो अंगात ताप घेऊनच येईल. आजारपणाची भरपगारी रजा हाही साथ रोखण्याचाच उपाय होय. भेटीस जाणाऱ्याने सर्दी-ताप असताना जाऊ नये. बरे वाटल्यावर मात्र जरूर जावे. जो रुग्णाला ओळखतो, त्यालाच ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे चटकन कळते.

अखेरची गोष्ट कुटुंबांच्या हाती आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेऊ नये, असे २०१७ चा कायदा सांगतो. तरीही बरे झालेले काहीजण केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून तेथेच राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक साथीत सापडण्याचा धोका पत्करतात. रमाबाईंनी दाटी टाळण्यासाठी मुलींना केडगावात आणले. बऱ्या झालेल्या माणसाला घरी आणणे याने दाटी कमी होतेच, आणि एका माणसाला त्याचे घर परत मिळते.