आधी उलटं करून बघा

श्रोतेहो, मे महिना तोंडावर आला, म्हणजे ब्रिमफील्डचा जुना बाजार भरणार. मॅसॅच्युसेट्समधलं ते एवढंसं गाव, पण 1959 साली सुरू झालेला हा बाजार आता रूट 20 च्या दोन्ही अंगांना शेताशेतांतून पसरतो. मे, जुलै, सप्टेंबर, असा वर्षातून तीनदा. तुमच्यातले पुष्कळजण पोरांना घेऊन जाल, आणि पोरं थेट बेसबॉलच्या जुन्या वस्तूंच्या टेबलाकडे पळतील. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सांगायचं एकच आहे. हातात घ्याल ती वस्तू आधी उलटी करून बघा.

माझी आत्या येवल्याला पैठणी घ्यायला जायची. दुकानदार पदर उलगडून मोर दाखवायचा आणि आत्या म्हणायची, "मोर राहू दे, पालथा कर." हातमागावरचा पदर दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखाच असतो. यंत्रावरचा असला की मागे धाग्यांचं जंजाळ. सुलट बाजू विकणाऱ्याची, उलट बाजू घेणाऱ्याची, असा तिचा हिशेब. साठ वर्षांपूर्वीचा हा हिशेब मी विसरलो आणि बेसबॉलपटू बेब रूथची सही असलेला चेंडू साठ डॉलरला घेऊन आलो!

हसू नका. पहाटेची वेळ, हातात टॉर्च, प्लॅस्टिकच्या डबीत चेंडू, सही समोर. डबी उघडायला सांगायचा मला संकोच वाटला. घरी आल्यावर चेंडू फिरवला, तर मागे बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अध्यक्षांचं छापील नाव होतं: जो क्रोनिन. क्रोनिन अध्यक्ष होते 1959 ते 1973. रूथ गेले 1948 मध्ये. म्हणजे सही करायला ते वरून खाली आले असणार. लीगच्या जुन्या चेंडूंवर त्या त्या अध्यक्षांचं नाव छापलेलं असतं. तेवढी नावं आणि सालं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. शाईही बघा. बॉलपेन अमेरिकेत विकायला आलं 1945 च्या अखेरीस, आणि बेसबॉलपटू लू गेरिग गेले 1941 मध्ये. बॉलपेनची गेरिगची सही कोणी दाखवली तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळा.

बेसबॉलच्या कार्डांचंही तेच. 1909 ते 1911 मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली टी-206 कार्डं घ्या. पुढे खेळाडूचं चित्र, मागे सिगारेटची जाहिरात. चित्र तेच, खेळाडू तोच. मागे पीडमाँट असेल तर सर्रास मिळणारं कार्ड, मागे ड्रम असेल तर दुर्मीळ, आणि किंमत कितीतरी पट. आणि पोरं बघतात काय, तर चेहरा! कडांना धरून, विचारून, पण उलटं कराच. (पैठणीची तुलना इथे जरा उसवते, मला कळतंय. तिथे दोन्ही बाजू सारख्या हव्यात, इथे मागची बाजू पुढचीला भाव मिळवून देते. पण आत्याचा हात तोच.)

बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं 1952 चं कार्ड मात्र मोजूनच घ्या. 2022 मध्ये त्यातलं एक 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, तेव्हापासून प्रत्येक टेबलावर मँटल बसलाय. मूळ कार्ड पावणेचार इंच उंच. टॉप्सनेच 1983 मध्ये काढलेली नक्कल साडेतीन इंच. त्यात लबाडी नाही; लबाडी ती मूळ म्हणून विकणाऱ्याची. सहा इंचांची पट्टी जवळ ठेवायला पैसे पडत नाहीत.

"पण सर्टिफिकेट आहे ना," असं म्हणणारे मला भेटतात. अहो, सर्टिफिकेट म्हणजे उलट बाजू नव्हे! ती दुकानदाराची दुसरी सुलट बाजू. 1990 च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्या करणाऱ्यांच्या टोळ्या पकडल्या. सह्यांबरोबर दाखलेही खोटे निघाले. त्या मालात बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सही होती. कोलकात्यात त्या कुठल्या संघाकडून खेळत होत्या, हे घेणाऱ्याने विचारलं नसावं.

आता फोटो. इथे तर मागची बाजूच खरा ऐवज. वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी. ती चिठ्ठी कळकट दिसते म्हणून खरवडून काढणारे सज्जन मी पाहिले आहेत. खरवडू नका हो! कोणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तेही पुसू नका. जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च मिळतो, तो मागच्या कोऱ्या कागदावर मारा. निळसर पांढरा लख्ख चमकला, तर तो कागद 1920 चा नाही. चमक आणणारी द्रव्यं कागदात आली ती बरीच नंतर.

स्टुडिओच्या काचेआडून बाई दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोनच मिनिटं उरली. आता एकच झालं. बॅटींबद्दल बोलायचं राहिलं. बॅटीला उलट बाजू नसते असं लोक म्हणतात, पण असते. मुठीच्या टोकाला, खालच्या अंगाला बघायचं, आणि लुईव्हिल स्लगर बॅटींच्या शिक्क्यात कंपनीचं नाव 'हिलरिक अँड ब्रॅड्सबी' असं 1916 पासूनच येतं, म्हणजे त्याआधीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटीवर जर ते... बरं, बाई उठल्याच. जुलैच्या बाजाराआधी पुन्हा बोलावलंत तर बॅटी.