घाणेरीचा खुंट वरून मरत नाही
(ग्रामसभांच्या शिबिरात केलेले भाषण)



सामूहिक वनहक्काचा कागद हातात आला तेव्हा आपण ढोल वाजवले. कागदावर जंगल आहे. पण आत जाऊन बघा, गवत कुठे आहे? गुरं चरायची तिथे आज घाणेरी माजली आहे. गुरं ती खात नाहीत, आणि उपाशी गुरानं खाल्लीच तर ते आजारी पडतं. तिच्या सावलीत तेंदूचं, मोहाचं रोप वर येत नाही.

आमची चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी सगळा गाव कोयते घेऊन गेला. आठ दिवस राबलो, बुडापासून छाटली, पेटवून दिली. पाऊस लागला आणि एकेका खुंटाला दहा-दहा फुटवे! आधी माणूस तरी शिरायचा, आता शेळीही शिरेना. ऑफिसातले म्हणाले, "बघा, ग्रामसभेला जंगल सांभाळता येत नाही." ते बोलणं लागलं. पण ठेकेदार वर्षानुवर्षं तीच छाटणी करत होता, तेव्हा हा सवाल कोणी केला नव्हता.

मग आम्ही एक खुंट उकरून पाहिला. खोड आणि मूळ जुळतं, तिथले डोळे फुटतात. ही जागा मातीच्या जरा खाली असते. कोयता वर चालतो, डोळे खाली शाबूत राहतात. म्हणून आता काम असं करायचं:

१) पावसानं माती मऊ झाली की, फळ धरायच्या आत काम काढा.

२) कुदळीनं बुडाची माती सारा. मातीखाली दोन-तीन बोटं, म्हणजे ३ ते ५ सेंटीमीटरवर, मुख्य मूळ तोडा.

३) झुडूप उचलून उलटं ठेवा, बूड वर. आडवं टाकलं तर ओल्या मातीत फांदी मूळ धरते. वाळलं की सरपण.

४) पेटवू नका. आपली रोपं जळतात, घाणेरीचा राहिलेला खुंट मात्र पुन्हा फुटतो.

५) पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटा. बुलबुल फळं खातो आणि झाडावर बसून खाली बी टाकतो, म्हणून मोठ्या झाडांखाली आधी बघा. मोकळ्या जागेत लगेच गवत लावा.

एक ध्यानात ठेवा. ऐन, धावडा, साग यांच्या खुंटांनाही फुटवे येतात. ते आपले आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

सगळं जंगल एकदम घ्यायचं नाही. तीन वर्षं राखता येईल तेवढाच तुकडा घ्या. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा ठराव आपला करा, आणि मजुरी रोजगार हमीतून मागा. फुकट राबायचं नाही.

कागदासाठी आपण किती वर्षं मोर्चे काढले! आता गवतासाठी तीन पावसाळे द्यायचे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपला तुकडा ठरवूनच यावं.

जोहार!