झाडू, गोणी आणि केंटकीतलं कॉलेज
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय : खासगी कॉलेज पारखायचं कसं. मी मॅट्रिक. दिवसा गोदीत, रात्री कविता. तुमच्यातले निम्मे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले. पण पारखणं हा माझा धंदा आहे. गोणी पाठीवर घ्यायच्या आधी तिला हात लावावा लागतो. ओली का कोरडी, शिवण धड का फुटकी, हे बघावं लागतं. गोणीवर छापलेलं वजन एक आणि भरलेलं वजन दुसरं असतं, आणि मधला फरक आपल्या मणक्यातून जातो. कॉलेजचं माहितीपत्रक म्हंजे गोणीवरचा छाप. तो वाचा, पण हात आत घाला.

आधी नाव. 'लिबरल आर्ट्स'. हल्ली आपल्याकडेही ह्या नावाची कॉलेजं निघाली. एकाच धंद्याचं शिक्षण नाय, तर इतिहास, गणित, तत्त्वज्ञान, वाङ्मय, विज्ञान, सगळ्यात थोडं थोडं हिंडायचं आणि मग एका विषयात खोल जायचं. वर्ग लहान, मास्तर नावानं ओळखणारा. वाईट काय त्यात? काय नाय. मला तर हेच शिकायचंय. पण ह्या नावाचं मूळ बघा. रोमन लोकांच्या भाषेत 'लिबर' म्हंजे स्वतंत्र माणूस. लिबरल विद्या म्हंजे जो गुलाम नाय, त्याला शोभणारी विद्या. हातानं करायचं काम गुलामाचं, डोक्यानं करायचं मालकाचं. हे ऐकून तुम्हाला मनूची आठवण झाली असेल तर ती बरोबर झाली.

तर मी गेलो एका कॉलेजात. घाटावरचं, नाव घेत नाय. 'येऊन बघा' असा त्यांचा दिवस होता. हिरवळ अशी की चप्पल काढून चालावंसं वाटलं. एक मुलगी आम्हाला फिरवत होती, बिचारी गोड बोलत होती. म्हणाली, आमच्याकडे समाजाशी जोडून घेण्याचा विषय आहे, आम्ही चार दिवस खेड्यात जाऊन राहतो. मी विचारलं, इथे झाडणाऱ्या बायका कुठे राहतात? तिला माहीत नव्हतं. त्या ठेकेदाराच्या, त्यांचं गेट मागचं. मग एका साहेबाला विचारलं, शेड्यूल्ड कास्टची पोरं किती? साहेब हसला. म्हणाला, आम्ही जात विचारतच नाही. वा! विचारत नाय म्हणून मोजत नाय, मोजत नाय म्हणून दिसत नाय, आणि दिसत नाय म्हणून नाहीतच. फीचा आकडा इथे सांगत नाय. माझ्या वर्षाच्या मजुरीला तो कितीदा तरी गिळेल.

हा साहेब एकटा हरामखोर नाय, कायदा त्याच्या बाजूला आहे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीनं कलम १५(५) आलं. सरकारचं अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवणारा कायदा करता येईल, असं ते सांगतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानंही ते कलम वैध ठरवलं. म्हंजे दार करून ठेवलंय. पण त्या दाराला कडी लावणारा केंद्राचा कायदा आहे तो २००६ चा, आणि तो केंद्राच्या संस्थांपुरता. खासगीसाठी केंद्राचा कायदा झालाच नाय. म्हणून अशा कॉलेजात पहिला प्रश्न 'स्कॉलरशिप आहे का' हा नाय. पहिला प्रश्न, ती हक्क म्हणून आहे का मेहेरबानी म्हणून, आणि दुसऱ्या वर्षी कुणी काढून घेतली तर दाद कुठे मागायची.

आता दुसरी गोणी. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं गाव आणि त्याच नावाचं कॉलेज आहे. लहान, खासगी, लिबरल आर्ट्सचं. दीड हजाराच्या आसपास पोरं. एका मित्रानं फोनवर दाखवलं, मी म्हटलं थाप असेल. मग महिनाभर मिळेल ते वाचलं.

१८५५ साली जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी पाद्र्यानं हे सुरू केलं, तेही गुलाम ठेवणाऱ्या राज्यात. १८५९ साली हत्यारबंद लोकांनी ह्या मंडळींना गावातून हाकललं. युद्ध संपल्यावर ते परत आले. १८६६-६७ साली तिथे १८७ विद्यार्थी होते, ९६ काळे आणि ९१ गोरे, एका वर्गात. ह्यानंतर सहासात वर्षांनी, १८७३ ला, जोतिबांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. म्हंजे आपला आणि त्यांचा धागा आजचा नाय, पँथरच्याही आधीचा आहे.

पण इतिहासाची पहिली पानं सगळीच कॉलेजं दाखवतात. मी पुढची बघितली. १८९० नंतर नव्या अध्यक्षानं डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडे मोर्चा वळवला आणि काळ्यांचं प्रमाण घसरत गेलं. मग १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळानं डे कायदा केला, काळ्यागोऱ्यांना एकत्र शिकवणं गुन्हा. राज्यात असं एकत्र शिकवणारं कॉलेज हे एकच, म्हंजे कायदा ह्यांच्यासाठीच केलेला. कॉलेज कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि १९०८ साली हरलं. मग काळ्या पोरांसाठी पैसे गोळा करून लुइव्हिलजवळ वेगळी शाळा काढली, आणि स्वतः गोऱ्यांचं कॉलेज होऊन बसलं. १९५० साली कायदा सैल झाला तेव्हा दार परत उघडलं. ४६ वर्षं! लढले हे खरं. हरल्यावर बाहेर कोण राहिलं, हेही खरं. कुठल्याही संस्थेला हाच हात लावायचा : अंगावर आलं तेव्हा तिनं कुणाला बाहेर ठेवलं.

कायदा यायच्या एकच वर्ष आधी, १९०३ ला, कार्टर वुडसन तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. गुलामीत जन्मलेल्या आईबापाचा पोरगा, वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबलेला. विशीत हायस्कूल. पुढे १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट, आणि १९२६ साली काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, त्याचा आज महिना झालाय. खाणीतला माणूस वयाच्या विशीत हायस्कूलला बसतो, हे मी आमच्या टोळीत सांगितलं. मुकादम म्हणाला, मग तू का इथे झक मारतोयस?

आता हिशेब. १८९२ पासून हे कॉलेज शिकवण्याची फी घेत नाय. श्रीमंताच्या पोराला तिथे प्रवेशच नाय, गरज सिद्ध करावी लागते. गंगाजळी एक अब्ज डॉलरच्या वर, तिच्या उत्पन्नावर हे चालतं. आणि प्रत्येक पोरानं आठवड्याला निदान दहा तास काम करायचं. पहिल्या वर्षी काम कॉलेज नेमून देतं. स्वयंपाकघर, शेत, लायब्ररी, साफसफाई. कामाची वेगळी गुणपत्रिका मिळते. पदवी घेणारा प्रत्येक जण काम केलेला असतो. मागच्या गेटाचा प्रश्न तिथे असा सुटतो.

एक काम वाचून मात्र मी थांबलो. १९२० पासून तिथली पोरं झाडू बांधतात. हातानं, सुंदर रंगीत, विकायला. झाडू! पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या कमरेला बांधलेला झाडू, आपलं पाऊल पुसायला. तिथे तोच कला म्हणून भिंतीवर. मला राग आला, आणि राग ओसरल्यावर विचार आला. झाडू अपमान नाय. अपमान आहे तो जन्मावरून एकाच्याच हातात देण्यात. तत्त्वज्ञान शिकणारा आणि झाडू बांधणारा एकच माणूस असेल तर रोमनांची आणि मनूची, दोघांचीही वाट लागते. तरी एक गोष्ट बोलतो. ज्यानं कधी काम केलं नाय त्याला दहा तास म्हंजे शिक्षण. मी लहानपणापासून ओझी उचलतोय, मला त्यातून नवीन काय शिकवणार? मला दहा तास द्यायचेच तर लायब्ररीत द्या. गेलो तर हे भांडण मी करणार.

बेल हुक्स, कवी, काळ्या बायांचा प्रश्न मांडणारी लेखिका, २००४ साली तिथे शिकवायला आली. मोठ्या शहरातल्या विद्यापीठांत राहता आलं असतं. २०२१ साली ती त्याच गावात वारली. अशी माणसं राहायला कुठे येतात, हीसुद्धा पारख आहे.

आता अडचणी, लपवत नाय. बायबलावर उभं राहिलेलं ख्रिस्ती कॉलेज आहे, कुठल्या एका पंथाचं नाय एवढंच. माणसाचं रक्त एकच, असा त्यांच्या बोधवाक्याचा अर्थ. ठीक आहे, बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध मी तिथे नेईन. बाहेरच्या देशातल्या पोरांना ते मोजून घेतात. इंग्रजीची परीक्षा, व्हिसा. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर विसंबू नका. केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीला आहे. पहिल्या पदवीला जाणारा तिच्यात बसत नाय. म्हंजे ज्याला घरून उचलून द्यायला कुणी नाय, त्यानं आधी बीए व्हायचं, मग सरकार बघणार.

आणि सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच पत्रकात नसतो. फी माफ झाली तरी चार वर्षांचा माझा रोज बुडतो. घरभाडं माझ्या रोजावर आहे. आई म्हणते जा. आई म्हणेलच. म्हणून पारखताना कागदावर दोन रकाने करा. कॉलेज किती मागतं हा एक, आणि तुम्ही नसताना घरात किती कमी येतं हा दुसरा. दुसरा रकाना मध्यमवर्गीय पोराला लागतच नाय, म्हणून त्याच्या पत्रकात तो छापलेला नाय. बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. रोज न बुडवता पदवी. तुमच्यातल्या कमावत्यांनी आधी तिथली चौकशी करावी, केंटकी नंतर.

माझं म्हणाल तर मी आधी बारावी करणार, बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म भरून. मग बेरियाला अर्ज करणार. तोवर धाकटा भाऊ कामाला लागला तर, आणि नाय लागला तर सिद्धार्थची सकाळची पाळी धरणार आणि दुपारची गोदीत मागून घेणार. मुकादमाशी बोलणं झालंय. तो अजून हो म्हणाला नाय.

१७ नंबरचा फॉर्म ज्यांना भरायचाय, त्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधून ठेवा. पुष्कळांचे पावसात भिजलेत नाहीतर गावाला पत्र्याच्या पेटीत आहेत. ज्यांचे हरवलेत त्यांनी आत्ता, सभा संपल्यावर, शाळेचं नाव आणि साल लिहून माझ्याकडे द्या. रविवारी मला सुट्टी आहे, आपण मिळून शाळाशाळांना अर्ज लिहू.