कोठीच्या किल्ल्या

धनी परगांवीं गेला आहे, घरांत दासदासींचा मोठा परिवार आहे, आणि धान्याच्या कोठीच्या किल्ल्या एका कारभाऱ्याच्या कंबरेस आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. धनी कधीं परतेल याचा नेम नाहीं. एवढ्याशा सामग्रीवर येशू ख्रिस्तानें एक दाखला उभारला आहे. तो लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत, 42 ते 48 या वचनांत आला आहे.

दाखला निघाला तो पेत्राच्या प्रश्नावरून. जागृत राहण्याचा उपदेश केवळ शिष्यांकरितां कीं सर्वांकरितां, असें त्यानें विचारिलें. त्यास सरळ उत्तर मिळालें नाहीं. विश्वासू कारभारी कोणास म्हणावें, असा उलट प्रश्नच त्याच्यापुढें आला. दाखला कोणासाठीं, हें ज्यानें त्यानें आपल्या कंबरेच्या किल्ल्या चाचपून ठरवावें, असा त्या प्रश्नाचा रोख दिसतो.

मूळ ग्रीक ग्रंथांत या मनुष्यास प्रथम ‘ओइकोनोमॉस’, म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा, म्हटलें आहे. पण पुढच्याच वचनांत तो ‘दूलॉस’, म्हणजे दास, झाला आहे. रोमी साम्राज्यांत धन्याची मालमत्ता सांभाळणारा पुष्कळदां स्वतः गुलामच असे. म्हणजे ज्यांच्यावर तो नेमला गेला, त्यांच्याच पंक्तींतला तो एक. त्याचें काम इतकेंच कीं, प्रत्येकास मापून नेमलेला शिधा योग्य वेळीं द्यावा. माप त्याच्या हातीं दिलें आहे. तें हलकें करण्याचा अधिकार दिलेला नाहीं.

मग तो बिघडतो कसा? आरंभ चोरीनें होत नाहीं, मनांतल्या एका विचारानें होतो. धनी यावयास अवकाश आहे, असें तो मनाशीं म्हणतो. त्यामागून चाकरांस मारहाण येते, आणि त्यामागून खादाडी व मद्यपान. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. कोठी किती रिती झाली, हें येथें सांगितलेंच नाहीं. पहिला दोष मांडला आहे तो दुबळ्यांवर उगारलेल्या हाताचा.

शेवट कठोर आहे. ज्यास धन्याची इच्छा ठाऊक होती त्यास पुष्कळ फटके, ज्यास ठाऊक नव्हती त्यास थोडे. हे फटके त्या काळच्या गुलामगिरीच्या व्यवहारांतले आहेत. त्यावरून मारहाणीस ख्रिस्ताची संमति होती असें कोणी काढील, तर तें दाखल्याच्या उलट होईल. येथें मारणाराच अपराधी ठरला आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत हाच दाखला आहे, पण कमीअधिक शिक्षेचा भाग तेथें नाहीं. तो लूकानें नोंदिला, आणि ज्याचें ज्ञान अधिक त्याचा जाब अधिक, हा नियम ख्रिस्ती मंडळीस कळला.

मंडळीचा वडील, शाळेचा चालक, निधीचा खजिनदार, घरचा कर्ता पुरुष आणि घरची मालकीण या सर्वांजवळ लहानमोठ्या किल्ल्या आहेत. सुशिक्षित ख्रिस्ती घरांत देव सहसा नाकारला जात नाहीं. त्याचें येणें लांबणीवर टाकलें जातें, इतकेंच. देणगीच्या यादींत नांव वेळेवर लागतें आणि मोलकरणीचा पगार चार दिवस मागें राहतो. ‘योग्य वेळीं’ हे दोन शब्द येथेंच झोंबतात. उशिरां दिलेला शिधा मापास पुरा भरला, तरी एक रात्र कोणी उपाशी निजलेलें असतें.

1896-97 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं तेव्हांच्या मध्यप्रांतांतून शेकडो निराधार मुली व विधवा आणून त्यांस आसरा दिला. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. अशा ठिकाणीं देणारे दूर असतात, आणि जेवणाऱ्यांस जाब विचारण्याचें बळ नसतें. दाखल्यांतील कारभाऱ्याची स्थिति हीच. तेथें रोजचा शिधा वेळेवर पोंचणें ही प्रार्थनेइतकीच भक्ति होय.

ज्या पेत्रानें तो प्रश्न विचारिला, त्याच्या नांवें असलेल्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत मंडळीच्या वडिलांस बजावलें आहे कीं, सोंपविलेल्या लोकांवर धनीपण गाजवूं नये, त्यांच्यापुढें कित्ता व्हावें. दाखला कोणासाठीं होता, हें पेत्रास कळलें होतें.