‘भारत उदय’ कुणाला दिसला?
(मेळाव्यातील भाषण)



‘भारत उदय’ची जाहिरात आठवते ना? लोकांना भुलवायला काढली, पण भुलले भाजपवालेच. खरंच उजाडलं असं धरून त्यांनी लोकसभेची निवडणूक काही महिने अलीकडे ओढली, अन् मे २००४ मध्ये सत्ता गेली. वरच्याला गोड लागेल तेच खालचा सांगतो, मग त्यांना पाडा दिसणार कसा? आमच्याकडे उदय नव्हता, ३ मे २००२ चा दिल्लीचा हुकूम होता : जंगलातली अतिक्रमणं काढा. बापजाद्यांनी कसलेली जमीन, अन् नाव अतिक्रमण!

नवं सरकारही गोड बोलेल. आपण मोर्चात ‘हजारो प्लॉट’ म्हणतो, ते पाड्यावार यादीत दिसले पाहिजेत. दंडाच्या पावत्या कुणाकडे किती, पुढच्या मिटिंगला मोजून आणा.